फैजपूर, बंदोबस्तात

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना सहज मोजलं. सकाळपासून माझी पर्स चार वेळा तपासून झाली होती. मेट्रो स्टेशन, ऑफिसची लॉबी, लंच टाइमला मॉल आणि परत ऑफिसची लॉबी. चार वेळा मी चेन उघडली, चार वेळा कुणीतरी आत बघितल्यासारखं केलं. आत काय होतं, हे त्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. (डबा, छत्री आणि तीन महिने वाचायचं राहिलेलं एक पुस्तक!)

मुंबईत राहायचं तर याची सवय होतेच. २००६ साली लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मी शाळेत होते. २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवर गोळीबार झाला तेव्हा बाबांचा फोन लागेपर्यंत आईनं टीव्हीसमोरून हलायचं नाव घेतलं नव्हतं. त्यानंतर शहरात वाळूच्या गोण्या आल्या, मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये गाडीखाली आरसा फिरवणारे लोक आले. सीएसटीचं सीएसएमटी झालं आणि त्या चौकटी स्टेशनच्या फर्निचरचा भागच झाल्या. बीप वाजतो. कुणी वर बघत नाही. आपण पुढे.

खरं सांगायचं तर मला याचा राग कधी आला नाही. रात्री उशिराच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात वर्दीतला माणूस चढला की मला हायसंच वाटतं. इअरफोनचा आवाज मी तेव्हाच वाढवते. म्हणजे मी ‘पोलीस हवेत’ या पार्टीतली. किमान या ट्रिपपर्यंत तरी होते.

ट्रिप गेल्या गणपतीतली. माझं आजोळ फैजपूर. जळगाव जिल्हा, यावल तालुका, उत्तरेला सातपुडा, आजूबाजूला जिकडे बघाल तिकडे केळी. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. ट्रेननं भुसावळ आणि पुढे एसटी, हा नेहमीचा रस्ता. पण गणपतीत रिझर्व्हेशन मिळणं म्हणजे लॉटरी. तेवढ्यात माझा एक टीममेट म्हणाला, ‘आम्ही दोघं गाडीनं घरी चाललोय, मालेगावपर्यंत चल. सकाळी एसटी पकड.’ त्याची बायकोही माझी मैत्रीण. लगेच हो म्हटलं.

लेखात तुझं नाव लिहू का, असं मी त्याला नंतर विचारलं. ‘नको गं,’ म्हणाला. त्यामुळे तो इथे टीममेटच राहील.

गळ्यातलं कार्ड

कसारा घाट चढून गेल्यावर आम्ही चहाला थांबलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पठ्ठ्याच्या गळ्यात अजून ऑफिसचं आयडी कार्ड आहे. मी हसले. ‘अरे, वीकेंड सुरू झाला, काढ तो पट्टा!’ तोही हसला, पण त्यानं काढला नाही.

नाशिक मागे पडल्यावर नाकाबंदी लागली. बॅरिकेड, टॉर्च, हात. काच खाली जायच्या आत लायसन्स, आरसी आणि इन्शुरन्सची प्रत अशी पुरी फाइल डॅशबोर्डवरून त्याच्या हातात आली होती. हवालदारानं लायसन्सवरचं नाव वाचलं, मग चेहरा बघितला, मग गळ्यातलं कार्ड बघितलं. कुठे चाललात? मालेगाव. डिकी उघडा. तो उतरला. मागे उभा राहिला, दोन्ही हात बाहेर, दिसतील असे. डिकीत दोन बॅगा, आईसाठी मिक्सर आणि पुतण्याची सायकल. तीन मिनिटांत आम्ही निघालो. हवालदार उद्धट नव्हता, उलट ‘सावकाश जा’ म्हणाला. तक्रार करावी असं काहीही घडलं नव्हतं.

पण माझ्या डोक्यातून ते हात गेले नाहीत. हात कुठे ठेवायचे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी या रस्त्यानं मामाबरोबर, मित्रांबरोबर कितीदा तरी गेले आहे. आम्हालाही थांबवलंय. आम्ही दर वेळी आधी कागद शोधतो, मग सॉरी म्हणतो, मग हसतो.

गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, ‘माझ्या शहरात पोलीस दिसला की लोक दोन गोष्टी एकदम विचार करतात. बरं झालं आला, आणि आता कुणाला नेणार?’

मालेगावच्या माणसाला हे सुचणं साहजिक आहे. ८ सप्टेंबर २००६ ला, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथल्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली. मेलेले बहुतेक सगळे मुसलमान, आणि आरोपी म्हणून आधी पकडलेले नऊ जणही मुसलमान. त्यातल्या बहुतेकांना जामीन मिळाला २०११ मध्ये. २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर एक जण जगातही उरला नव्हता. मग २९ सप्टेंबर २००८ चा स्फोट. त्यातल्या सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटका झाली. म्हणजे इतक्या वर्षांनंतर त्या शहराकडे पोलीस भरपूर आहेत, बॅरिकेड्स भरपूर आहेत, आणि ‘कुणी केलं?’ या प्रश्नाचं उत्तर नाही.

रात्र त्यांच्या घरी काढली. पहाटे जाग आली ती यंत्रमागांच्या आवाजानं. त्याच्या अम्मीनं मला सकाळी रिकाम्या पोटी सोडलं असतं तर आश्चर्य. खिमा, पाव, वर चहा, आणि हातात संत्र्यांची पिशवी.

सहा जोड्यांचा रथ

मालेगाव ते फैजपूर एसटीनं म्हणजे धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. दिवस जातो. धुळ्याला बस बदलताना स्टँडवर निळ्या गाड्या भरून राज्य राखीव दलाचे जवान निघालेले दिसले. दलाचा गट क्रमांक ६ इथलाच. खान्देशात सण आला की या गाड्या निघतात. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बंदोबस्ताचा असाही उपयोग झालाय आपल्याकडे!

भुसावळ सोडून तापी ओलांडली की मला घरी आल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्त्याकडेला घड भरायला उभे ट्रक. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तुमच्या जिमच्या बाहेर जो केळीवाला बसतो त्याच्याकडचं केळं यातल्याच एखाद्या बागेतलं असू शकतं.

फैजपूरबद्दल तुम्ही शाळेत एक ओळ वाचली असणार. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. परीक्षेत एक मार्काला यायचं, संपलं. पण माझ्या आजोळी ही एक मार्काची गोष्ट नाही. माझे पणजोबा, म्हणजे आजीचे सासरे, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि अधिवेशनात स्वयंसेवक होते. त्यांनी सांगितलेलं आजी आता सांगते, दर वेळी नव्यानं.

विचार करा. वीज, रस्ता, हॉटेल असं काहीही नसलेल्या गावाबाहेर टिळकनगर नावाचं एक अख्खं गाव उभं केलं. गांधीजींचा आग्रह होता की स्थानिक साहित्यातूनच सगळं व्हावं, म्हणून शांतिनिकेतनातून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांनी सजावट केली. नेहरूंना आणलं ते बैलांच्या सहा जोड्या जुंपलेल्या सजवलेल्या रथातून. मुंबईहून धावपटूंनी हातोहात ज्योत आणली. साने गुरुजी आधी खान्देशात गावोगाव फिरून अधिवेशनासाठी राबले. झेंडा वर जाताना मध्येच अडकला तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण सरसर खांबावर चढला आणि त्यानं तो मोकळा केला.

माझं लक्ष या वेळी वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. त्या रथात उघड्यावर बसलेला माणूस तोवर अनेकदा तुरुंगात जाऊन आलेला होता. मानवेंद्रनाथ रॉय पण आले होते, महिनाभरापूर्वी तुरुंगातून सुटलेले. सरकारच्या दृष्टीनं देशातली सगळ्यात ‘धोकादायक’ माणसं त्या मांडवात होती, आणि समोर हजारोंची गर्दी. मी आजीला विचारलं, ‘मग पोलीस किती होते गं?’

आजी म्हणाली, ‘मामंजी म्हनायचे, पोलीस मांडवाच्या भाईर. आतमधी आम्ही. आमच्या हातात दोरी.’

दोरी! गर्दीला वाट करून द्यायला दोन बाजूंनी धरायची दोरी. पोलीस अर्थातच आणखी एका रूपात हजर असणार. सभेत बसून भाषणं लघुलिपीत उतरवणारे गुप्त पोलीस हे त्या काळी प्रत्येक सभेचं गिऱ्हाईक होतं. ते नेत्यांवर नजर ठेवायला यायचे. त्यांच्यापासून लोकांना जपायला यायचे असं कुणी समजत नव्हतं, आणि लोकांपासून नेत्यांना जपायला तर नाहीच. हे चांगलं होतं असं मी म्हणत नाही, ते परकं सरकार होतं. पण बघणारा कोण आणि कुणाकडे बघतोय, हे तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

मामाची नोटीस

घरी पोचले तर मामा ओट्यावर चष्मा लावून एक कागद वाचत होता. विसर्जन दुसऱ्या दिवशी. मामा मंडळाचा अध्यक्ष. कागद म्हणजे पोलिसांची नोटीस. मिरवणुकीत काही अनुचित घडलं तर तुम्हाला जबाबदार धरलं जाईल, वगैरे. आधी ती १४९ ची नोटीस म्हणून ओळखली जायची. १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले, कलमांचे नंबरही बदलले. गावात अजून १४९ च म्हणतात. पोलीस अधिनियमाच्या ३७ कलमाचा जमावबंदीचा आदेशही दर सणाला पेपरात येतोच.

मी घाबरले. मामा हसला.

‘काय घाबरते वं! नोटीस नी आली तं लोकं म्हनतील, याले कोनी इचारत नी.’

मामा पंधरा वर्षं शांतता समितीच्या बैठकीला जातो. तिथे त्याच्या शेजारी बसतात ते केळीचे एक व्यापारी, दुसऱ्या मोहल्ल्यातले. मामाचा माल त्यांच्याकडेच जातो. बैठकीत दोघं एकमेकांना ‘अध्यक्ष महोदय’ म्हणतात आणि बाहेर आल्यावर भावावरून भांडतात. म्हणजे केळीच्या! मिरवणुकीचा मार्ग ठरलेला, कुठे वाजंत्री थांबवायची ते ठरलेलं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले, तेव्हा मुंबईसह राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस पुढे ढकलला. असं काही होतं तेव्हा टीव्हीवर बंदोबस्ताचा आकडा मोठ्या अक्षरात येतो. पुढे ढकलायचं ठरवणाऱ्या माणसांची बातमी छोटी असते.

ही आयडिया नवी नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. साधा कॉन्स्टेबल आणि गल्लीतली दोन्हीकडची माणसं नियमित एकत्र बसायची, गटार तुंबल्यापासून सगळ्यावर बोलायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. यात जादू काय असेल, तर पोलिसाला माणसांची नावं ठाऊक होती आणि ती संशयितांच्या यादीतून कळलेली नव्हती.

दुपारी पाचला रूट मार्च निघाला. आधी शिट्ट्या, मग बूट. राखीव दलाचे जवान, हेल्मेट, ढाली, काहींकडे रायफली, पुढे साहेबांची जीप. पोरं ओट्यावर उभी राहून सॅल्यूट ठोकत होती. शेजारच्या दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं आणि तो त्याच्या खालून वाकून बघत राहिला. मी गच्चीवर होते. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा बरं वाटलं. उद्या काही होणार नाही, असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी, मार्च पुढच्या मोहल्ल्याकडे वळला तेव्हा, तिथल्या गच्चीवरच्या माझ्या वयाच्या मुलीला काय वाटत असेल असं मनात आलं. तिलाही बरं वाटलं असेल? की तिनं भावाला आत बोलावलं असेल? मला कळायचा काही मार्ग नव्हता. मी या गावात जन्मापासून येते आणि त्या गल्लीत एकदाही गेलेले नाही.

फौजदारी डाळ

संध्याकाळी दार वाजलं. बाहेर एक महिला कॉन्स्टेबल. वय पंचविशीचं, घामानं वर्दी भिजलेली. ‘ताई, वॉशरूम वापरू का जरा?’ मामीनं तिला आत घेतलं. सकाळी सहापासून ती चौकात उभी होती आणि चौकात बायकांसाठी सोय नव्हती. बंदोबस्ताचं प्लॅनिंग नेमकं कोण करतं, हा प्रश्न इथेच विचारून ठेवते.

बाहेर आल्यावर मामीनं तिला बसवलंच. घरात फौजदारी डाळ होती. हा खान्देशातला खास पदार्थ, मिश्र डाळींचा, झणझणीत, वर तेलाचा तवंग. सोबत मोडून घालायला पोळी. नावाचा जोक मामानं लगेच मारला, ‘तुमचीच डाळ हाये, घ्या.’ ती पहिल्यांदाच हसली. मूळची चाळीसगावकडची. दीड वर्षाचा मुलगा सासूकडे ठेवून आलेली. परत कधी जाणार? विसर्जन झाल्यावर, पण पुढे ईदचा बंदोबस्त लागला तर तिकडूनच तिकडे.

जेवता जेवता तिनं मामीला हळूच विचारलं, ‘इथं नेहमी काही होतं का हो?’

मी चमकले. मी तिच्या भरवशावर गच्चीत निवांत होते, आणि ती माझ्या मामीला विचारत होती! तिला आदल्या रात्री पॉइंट मिळाला होता, गाव नाही. कोणती गल्ली कुठे जाते, कोणत्या घरात म्हातारं माणूस आजारी आहे, कोणता पोरगा फक्त तोंडाचा वाचाळ आहे आणि कुणाकडे खरंच लक्ष ठेवायला हवं, यातलं काही तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

मामी म्हणाली, ‘काही नी होत वं माय. तुम्ही इतक्या जनी आल्या ना, म्हनून वाटते का काही व्हईन.’

मग थोडं थांबून म्हणाली, ‘पन येत जा बरं. नी आल्या तं जास्त भेव वाटीन.’

दुसऱ्या दिवशी विसर्जन व्यवस्थित झालं. रात्री मामाचा आवाज बसला होता आणि केळीवाले व्यापारी आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होते, भावाचा विषय निघायची वाट बघत. चौकात खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं. आमची कॉन्स्टेबल निळ्या गाडीत मागच्या बाकावर झोपलेली दिसली, तोंड उघडं, टोपी मांडीवर.

रविवारी परत मालेगाव. टीममेट आणि त्याची बायको स्टँडवर घ्यायला आले होते. माझ्या मांडीवर मामीनं दिलेला फौजदारी डाळीचा डबा, चार प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला. त्याच्या अम्मीनं दिलेल्या नानखटाया मागच्या सीटवर. गाडीत मस्त वास सुटला होता. पुतण्यानं सायकलवरून पडून पहिल्याच दिवशी गुडघा फोडला, ही स्टोरी चालू होती आणि आम्ही तिघं हसत होतो.

गाव संपून हायवे लागला. बोलता बोलताच त्याच्या बायकोनं समोरचा कप्पा उघडला, आयडी कार्ड काढलं, पट्ट्याचा पीळ सोडवला आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं एका हातानं स्टिअरिंग सांभाळत मान थोडी वाकवली. तिनं ते त्याच्या गळ्यात घातलं, आणि मग पुतण्याच्या गुडघ्याला टाके किती पडले ते सांगायला लागली.